पहिल्या खेपेचं नको

द्राक्षाचा हंगाम आधी नाकाला कळतो. बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागून पिंपळी मागे टाकली की फेब्रुवारीत हवेत तीन वास मिसळलेले असतात: कालव्याच्या ओल्या काठाचा, फवारणीच्या औषधाचा आणि कोऱ्या पुठ्ठ्याचा. पहिले दोन वर्षभर येतात. पुठ्ठ्याचा वास फक्त हंगामापुरता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सपाट घड्या घातलेली खोकी रचून नेतात, ऊन चढले की त्यांतली खळ गरम होते आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तो वास मैलभर सोबत करतो.

यंदाही तो आला. त्याच्याबरोबर दरवर्षी येते ती चीडही आली. चीड कोणावर, हे तीन हंगाम झाले तरी ठरवता आलेले नाही. ज्या दोघांवर ती काढता आली असती ते दोघेही आपापल्या नियमाप्रमाणे बिनचूक वागले होते.

सलीमभाईंचे बारामतीत पुठ्ठ्याच्या खोक्यांचे दुकान आहे. वर्षभर डाळिंबाची, पेरूची, ढोबळी मिरचीची खोकी विकायची आणि द्राक्षाच्या दिवसांत दुकान पुतण्यावर सोपवून कळसला मुक्काम हलवायचा, ही त्यांची रीत. कळसला दत्तूतात्यांची द्राक्षबाग आहे. बागेच्या बांधाला पत्र्याची शेड आहे. आसपासच्या बागांचा माल त्या शेडमध्ये निवडला जातो, कागदात बसवला जातो, खोक्यात भरला जातो. खोकी सलीमभाईंची, शेड तात्यांची. दोघांत लेखी काही नाही. मी वर्तमानपत्राचा तालुका वार्ताहर. कन्हेरीत राहतो. हंगामात आठवड्यातून दोन-तीनदा शेडवर जातो, कारण बाजाराची, हवामानाची आणि माणसांची बातमी तिथे एकाच सतरंजीवर मिळते.

तीन हंगामांमागे सलीमभाईंची मुलगी नाझनीन शेडवर येऊ लागली. बी.ए. झाली होती. वडिलांच्या हाताखाली खोकी मोजून द्यायची, चिकटवायची, चिठ्ठ्या लावायची. कानात इअरफोनची तार असे. सगळ्यांना वाटे गाणी ऐकते. एकदा तिनेच सांगितले, की ती लोज्बान ऐकते.

लोज्बान ही भाषा आहे. जगातल्या कोणत्याही गावात ती बोलली जात नाही. काही लोकांनी ती ठरवून, बसून बनवली. वाक्याची रचना एकच निघावी, कोणाला दोन तऱ्हांनी लावता येऊ नये, हा त्यामागचा हट्ट. तिचे शिकणारे जगभर विखुरलेले आहेत आणि इंटरनेटवर एकमेकांच्या चुका काढतात. कळसच्या शेडमध्ये मोबाइलला रेंज मिळे ती पाण्याच्या टाकीजवळ, म्हणून नाझनीन टेकायला तिथेच जायची.

तात्यांनी विचारले, “कोण बोलतं ही भाषा?”

“कुणीच नाही, तात्या. म्हणजे थोडे लोक.”

“मग भांडान तंटा न्हाय. ब्येस हाय की.”

त्या भाषेतला तिचा लाडका भाग भावनांचा. वाक्याचे व्याकरण एकीकडे, आणि बोलणाऱ्याच्या मनात काय चालले आहे ते सांगणारे छोटे शब्द दुसरीकडे. ‘उई’ म्हणजे आनंद. ‘ओई’ म्हणजे तक्रार, दुखणे. ‘आउ’ म्हणजे इच्छा. ‘आहो’ म्हणजे आशा. हे शब्द खरेखोटे ठरवता येत नाहीत, कारण ती विधाने नाहीत, त्या नुसत्या खुणा आहेत. पुढचा भाग तिने रिकाम्या खोक्याच्या झाकणावर मार्करने लिहून खांबाला टांगला. प्रत्येक भावनेला मात्रा लावता येते. ‘शाइ’ लावले की टोकाची, ‘साइ’ लावले की जोराची, ‘रुहे’ लावले की हलकी. ‘शुही’ लावले की मधोमध, ना इकडे ना तिकडे. आणि ‘नाइ’ लावले की भावना उलटते. उलटल्यावर पुन्हा हलकी, जोराची, टोकाची. सगळ्या मिळून सात पायऱ्या. नुसता शब्द उच्चारला आणि मात्रा लावलीच नाही, तर किती ते सांगितलेले नाही, एवढाच अर्थ.

“ह्यो ‘न्हाय’ तर आपलाच हाय की,” तात्या खांबाकडे बघत म्हणाले. “आपल्याकडनंच उचललाय त्यांनी.”

“आपला ‘नाही’ म्हणजे नुसतं नसणं,” नाझनीन म्हणाली. “यांचा तसा नाही. आनंदाला नाइ लावलं तर दुःख होतं. आनंदही नाही आणि दुःखही नाही, त्याला शुही. आपण तिन्हींना एकच म्हणतो.”

“काय म्हंतो?”

“बरं हाय.”

शेडमधल्या बाया हसल्या. तात्याही हसले. तात्यांच्या खिशात कायम गोडी मोजायची नळी असे. बागेतून एक मणी तोडायचा, काचेवर थेंब पिळायचा, झाकण लावून नळी उन्हाकडे धरायची आणि एक डोळा मिटून आकडा वाचायचा. आकडा आल्याशिवाय ते घडाला कात्री लावू देत नसत, मग व्यापारी कितीही घाई करो. त्यामुळे मात्रांची गोष्ट त्यांना सर्वांत आधी पटली. जिभेला सगळेच मणी गोड लागतात, हे त्यांचे ठरलेले वाक्य.

संयमासाठी लोज्बानमध्ये ‘ओहो’ आहे. त्याची मधली पायरी म्हणजे नुसते सोसणे आणि उलटी बाजू म्हणजे राग. संयम, सोसणे आणि राग एकाच दोरीवर बसवलेले पाहून मला त्या माणसांविषयी आदर वाटला. नाझनीनने टोकाचा राग बोलून दाखवला: “ओहो-नाइ-शाइ.”

तात्या म्हणाले, “एवढं बोलस्तोवर राग जातुय की पोरी.”

आमच्या धंद्यातही पायऱ्या आहेत, पण त्या अशा मोजलेल्या नाहीत. नाराजी, तीव्र नाराजी, संताप, तीव्र संताप. ग्रामसभेत आवाज चढले तर नाराजी. खुर्ची सरकली तर तीव्र नाराजी. खुर्ची मोडली तर संताप. तीव्र संताप पहिल्या पानासाठी राखून ठेवलेला असतो. खालच्या टोकाला याहून मोठा गोंधळ. अधिकारी ‘बघतो’ म्हणाला की आम्ही ‘सकारात्मक’ लिहितो. तो ‘बघू’ म्हणाला की ‘विचाराधीन’. वाचक दोन्हींचा अर्थ ‘नाही’ असाच लावतो आणि बहुधा बरोबर असतो. भावना दुसऱ्याच्या तोंडून यावी, आपली घालू नये, हे आम्हांला पहिल्या महिन्यात शिकवले गेले. कोणाच्या तोंडून किती आली हे मोजायचे कसे, ते कोणी शिकवले नाही.

त्या हंगामात सगळी शेड काही दिवस लोज्बानमय झाली होती. दुपारच्या उन्हात पत्रा तडतडू लागला की कोणी बाई ‘ओई-शाइ’ म्हणून पदराने वारा घ्यायची. निवडताना सडका मणी निघाला की ‘ओई-रुहे’. आभाळ आले तेव्हा तात्या बांधावर उभे राहून म्हणाले, “ह्याला काय म्हनायचं? आशाबी हाय अन् भ्याबी हाय.” नाझनीन म्हणाली, दोन्ही शब्द एकामागे एक लावायचे, चालते. “मग भाषा बरी हाय,” तात्या म्हणाले, आणि आभाळ पांगेपर्यंत तिथेच उभे राहिले.

प्रश्नासाठी एक शब्द होता, ‘पेइ’. तो भावनेच्या शब्दामागे लावला की समोरच्याने आपली पायरी सांगायची. “आउ पेइ?” म्हणजे इच्छा आहे, तर किती? नाझनीनला हा शब्द सर्वांत जास्त आवडे. ती म्हणायची, आपल्याकडे कोणी किती असे विचारतच नाही. हवे का, एवढेच विचारतात आणि उत्तरावर विश्वास ठेवत नाहीत.

विश्वास ठेवत नाहीत हे खरे होते. तिथे चहाची एक पद्धत होती, अजून आहे. तात्यांच्या घरून किटली येई. पहिला कप सलीमभाईंसमोर.

“घ्या सलीमराव.”

“नको तात्या, आत्ताच झाला.”

“आवं घ्या की.”

“न्हाय न्हाय, खरंच नको.”

“घोटभर.”

“बरं, तुमी म्हंताय म्हनून,” आणि सलीमभाई पूर्ण कप घेत. मला ओळख झाल्यापासून हे असेच आठवते. पहिल्या खेपेला घेणारा माणूस हावरा ठरतो आणि दुसऱ्यांदा न विचारणारा माणूस कंजूष. पहिले ‘नको’ हे ‘नको’ नसतेच, ते पाऊल टाकण्याआधी चप्पल काढण्यासारखे असते. एरवी मराठीत शब्द दोनदा आला की तो वाढतो: लाल लाल, गरम गरम. ‘नको नको’ मात्र एका ‘नको’पेक्षा मऊ. ज्याला खरेच नको असते तो ‘नकोच’ म्हणतो आणि कपावर हात ठेवतो.

नाझनीन हे पाळत नसे. तात्यांच्या घरच्या काकूंनी एकदा तिच्या कपात दुसऱ्यांदा चहा ओतायला किटली वाकवली. ती म्हणाली, “नको काकू.” काकूंनी वाकवलेली किटली तशीच पुढे आणली. चहा तिच्या बोटांवर सांडला.

“अगं नको म्हटलं ना मी!”

“म्हनलीस, पर येकदाच म्हनलीस.”

“मग किती वेळा म्हणायचं?”

काकूंना हा प्रश्न उद्धट वाटला. त्या किटली घेऊन आत गेल्या. सलीमभाई ओशाळले. नाझनीन बोटे पुसत म्हणाली, “अब्बा, मी ठरवलंय. मी एकदाच सांगणार. जेवढं आहे तेवढं सांगणार, आणि लोकांचंही तेवढंच धरणार.”

“धर की,” सलीमभाई म्हणाले. “तुझा हिशेब तुझ्यापाशी.” ते गमतीने म्हणाले होते.

मार्च लागला. परीक्षांचे दिवस. बारामतीच्या कॉलेजांबाहेर झेरॉक्सच्या दुकानांत गर्दी होती. कळसला शेवटच्या बागा उतरत होत्या. ऊन असे, की मण्यांवरची पांढरी पावडर दुपारपर्यंत बोटांना लागून जायची आणि माल जुना दिसू लागायचा, म्हणून सगळे काम सकाळकडे सरकले होते. अशा एका दुपारी शेडमध्ये बाया जेवायला पांगल्या होत्या. सलीमभाई खोक्यांच्या तळाला टेप मारत बसले होते. मी सतरंजीवर, पाठीमागे खोक्यांची थप्पी. नाझनीन आली आणि वडिलांसमोर बसली. मी उठू लागलो, तर म्हणाली, “बसा काका, तुमच्यासमोरच बोलायचंय.”

तिने सांगितले ते सरळ होते. पुण्यात भाषाविज्ञानाचे एम.ए. करता येते. दोन वर्षे. प्रवेश परीक्षेच्या अर्जाची मुदत महिनाअखेरीस संपते. राहायला मुलींचे वसतिगृह आहे. “मला जायचंय, अब्बा. खूप जायचंय. तुम्ही हो म्हणाल तरच जाईन, तुम्हाला न विचारता अर्ज करणार नाही.”

टेपचा आवाज थांबला. सलीमभाईंनी टेप दाताने तोडली, खोके उलटे करून बाजूला ठेवले, दुसरे घेतले.

“नको गं आत्ता,” ते म्हणाले. “हंगाम हाय.”

“बरं,” नाझनीन म्हणाली.

ती उठली आणि चिठ्ठ्या लावायला गेली. बाया जेवून आल्या, काम पुढे सुरू झाले. मी बातमीदाराच्या कानाने जे ऐकले ते असे: मुलीने मागितले, वडिलांनी नाकारले, मुलीने मान्य केले. बातमी असती तर तीन ओळींत बसली असती आणि तिन्ही ओळी चुकीच्या ठरल्या असत्या.

पुढच्या दिवसांत नाझनीनच्या कानातली तार गेली. खांबावरचे झाकण राहिले. ते उन्हाने वाकले आणि कोणी काढले नाही. टाकीजवळ ती जात नसे. एकदा मी विचारले, “ती भाषा सोडली का?”

“नाही काका. मात्रा लावायची वेळ येत नाही.”

“वडील पुन्हा ऐकतील कदाचित.”

“त्यांनी सांगितलं ना. परवानगीला त्या भाषेत शब्द आहे, एहा. त्याला नाइ लावलं की मनाई. मी त्यांना एकदा स्पष्ट विचारलं, त्यांनी एकदा स्पष्ट सांगितलं. आता परत विचारणं म्हणजे त्यांचं बोलणं खोटं धरणं. काकूंनी माझं धरलं तसं.”

यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. मला तेव्हा काढताही आली नाही.

सलीमभाईंच्या वागण्यात मात्र काही गोष्टी अशा होत्या, की त्या पुढे आठवताना एकेक करून जागेवर बसल्या. एका दुपारी सगळ्यांसमोर ते एकदम म्हणाले होते, “पुण्यात उन्हाळ्यात पान्याचे हाल असत्यात म्हनं.” नाझनीन चिठ्ठ्या लावत राहिली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, “तिकडची खाणावळ तिखट नसतीय. आपल्या मान्साला जड जातं.” तेव्हाही ती चिठ्ठ्याच लावत होती. एकदा पुण्याला माल पोचवायला ड्रायव्हर पाठवायचा सोडून ते स्वतः टेम्पोत बसून गेले. परतले ते उशिरा, आणि आल्यावर मुलीजवळ जाऊन नुसते उभे राहिले. तिने विचारले, “पोचला माल?” ते म्हणाले, “पोचला.” मग हात धुवायला गेले.

मुदत गेली. हंगामही गेला. शेवटच्या बागेचा माल भरून झाल्यावर शेड झाडून काढतात, उरलेली खोकी परत दुकानात येतात. ती उतरवायला मी बारामतीच्या दुकानात होतो. नाझनीन थप्प्या लावत होती. सलीमभाई पाणी प्यायला टेकले आणि माझ्याकडे बघून, पण आवाज तिच्यापर्यंत जाईल असा ठेवून म्हणाले:

“काय पत्रकार, पोरान्ला आजकाल कशाचीच वढ न्हाय बगा. हिनं पुण्याचं काडलं, मला वाटलं मनात हाय. परत इचारलंच न्हाय.”

नाझनीन वळली. “तुम्ही नको म्हणालात, अब्बा.”

“पैल्या खेपंला कोन व्हय म्हंतं?”

“मी खूप म्हटलं होतं. खूप जायचंय म्हटलं होतं.”

“खूप तर चहालाबी म्हंत्यात. मनात असतं तर दुसऱ्यांदा आली असतीस. तिसऱ्यांदा आली असतीस. तुझ्या आत्यानं शिलाई मशीन मागितली तवा दारात बसून ऱ्हायली होती.”

“मला दारात बसायचं नव्हतं. मला सांगायचं होतं.”

“मी तितं जाऊन आलो,” सलीमभाई म्हणाले. आता ते तिच्याकडे बघत होते. “हास्टेल बगून आलो. गेट चांगलं हाय. वॉचमन म्हातारा हाय, तंबाकू खातो, पर मानूस सरळ वाटला. म्हनलं, तू इचारशील तर मला ठाव असावं.”

नाझनीनच्या हातात सपाट खोक्यांचा गठ्ठा होता. तो तिने थप्पीवर ठेवला, कडा जुळवल्या, जुळलेल्या कडा पुन्हा जुळवल्या.

“मग मला सांगायचं होतंत.”

“तू इचारायचं होतंस.”

रस्त्यावरून उसाचा रिकामा ट्रॅक्टर गेला, त्याच्या साखळ्यांचा आवाज दुकानभर झाला आणि ओसरला.

त्या दुपारचा विचार मी अनेकदा केला आहे आणि दरवेळी तो जिथून सुरू होतो तिथेच येऊन थांबतो. नाझनीनने मात्रा लावली होती. मराठीत लावता येते तेवढी, ‘खूप’. सलीमभाईंना ती ऐकू आली नाही, कारण त्यांच्याकडे मात्रा शब्दाला लागत नाही, ती खेपेला लागते. एकदा मागितले ते सहज. दुसऱ्यांदा मागितले ते मनापासून. तिसऱ्यांदा आले की मग टोकाचे. त्यांच्याही पायऱ्या होत्या, नीट मोजलेल्या आणि पिढ्यांनी घासून गुळगुळीत झालेल्या. त्या खांबावर लिहून टांगलेल्या नव्हत्या इतकेच. लोज्बान बनवणारे हुशार लोक होते. भावनेला सात पायऱ्या दिल्या, मधली दिली, उलटी दिली, प्रश्नाचा शब्द दिला. पण प्रश्न दुसऱ्यांदा विचारावा लागेल, ही शक्यता त्यांनी धरली नसावी. की एकदा विचारून भागावे यासाठीच ती सगळी खटपट होती? तसे असेल तर ती भाषा एका माणसाने शिकून उपयोगाची नाही. ती बापालाही यायला हवी.

चिडून मी कधी नाझनीनची बाजू घेतो. वीस-बावीस वर्षांच्या मुलीने आपली इच्छा स्वच्छ सांगितली, तर तिला ती तीनदा का सांगावी लागावी? मग कधी सलीमभाईंची. ज्या माणसाने आयुष्यभर कोणाचे पहिले ‘नको’ ‘नको’ म्हणून घेतले नाही, त्याचेच पहिले ‘नको’ त्याच्या पोटच्या पोरीने घेतले, आणि तेही शेवटचे म्हणून. हंगामाच्या गडबडीत टेप तोडताना उच्चारलेले दोन-चार शब्द. त्यांत ‘आत्ता’ हा शब्दही होता. तो कोणी ऐकला नाही, मीही नाही.

पुढच्या वर्षी जाता आले असते, असे कोणीही म्हणेल. मीही म्हटले. नाझनीनला म्हटले तेव्हा ती म्हणाली, “आता विचारलं तर मीच म्हटल्यासारखं होईल, की पहिलं विचारणं खरं नव्हतं. ते खरं होतं, काका.” सलीमभाईंना म्हटले तेव्हा ते म्हणाले, “न मागता कसं देऊ? उद्या तितं करमलं न्हाय तर म्हनंल, बापानं धाडलं.” दोघांचेही बरोबर. त्या वर्षीची मुदत अशा दोन बरोबर माणसांच्या मधून निघून गेली. नाझनीन बारामतीत एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवू लागली. हंगामात शेडवर येते. घरात भांडण नाही. कोणी विचारले तर दोघेही सांगतात, बरं हाय.

लोज्बानमध्ये या ‘बरं हाय’साठी ओईची मधली पायरी आहे, ओई-शुही. दुखतही नाही, सुखही नाही, चालले आहे. ती पायरी त्यांनी शून्यावर ठेवली आहे. हे मला पटत नाही. शून्याला वजन नसते, या ‘बरं हाय’ला आहे.

यंदा कळसला माल चांगला आहे. तात्यांची नळी तीच आहे, डोळा बदलला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ते दुसऱ्या डोळ्याने आकडा वाचतात आणि पहिल्यापेक्षा एक जास्त सांगतात, अशी बायांची तक्रार आहे. खांबावरचे झाकण कधीतरी पडले असावे, आता तिथे दोरीची गाठ तेवढी आहे. पुण्याच्या अर्जाची मुदत याही महिनाअखेरीस आहे. नाझनीनने ती मला सांगितलेली नाही. सलीमभाईंनी सांगितली, खोकी मोजता मोजता, मी विचारले नसताना. “यंदाबी पुन्याच्या फारमाची शेवटची तारीख तीच हाय म्हनं,” एवढेच म्हणाले आणि मोजणी चुकली म्हणून पहिल्यापासून मोजू लागले.

परवा दुपारी मी शेडवर होतो. किटली आली. काकू आता गुडघ्यांमुळे येत नाहीत, किटली तात्या आणतात आणि वाटायचे काम सलीमभाई करतात. त्यांनी सगळ्यांना दिला. बाया नको नको म्हणाल्या आणि घेतला, मीही नको म्हणालो आणि घेतला. नाझनीन शेवटी होती. खोक्याच्या तळाला टेप मारत होती, सकाळपासून एकटीने. सलीमभाई कप घेऊन तिच्यासमोर उभे राहिले.

“घे.”

“नको,” ती म्हणाली. मान वर न करता.

सलीमभाईंनी कप मागे घेतला.

तात्यांना राहवले नाही. “अगं घे की पोरी, सकाळधरनं राबतीयास. द्या वो तिला सलीमराव.”

“न्हाय तात्या,” सलीमभाई म्हणाले. त्यांच्या आवाजात कुरकुर नव्हती. उलट नवे काही शिकलेला माणूस बोलतो तसा तो जरा ताठ होता. “ती येकदाच सांगती. तिचं नको म्हंजी नकोच. आता मी परत इचारत न्हाय तिला.”

आणि तो कप त्यांनी माझ्या शेजारच्या बाईला दिला.

नाझनीनचा हात तोवर पुढे आलेला होता. रिकाम्या हवेत तो क्षणभर तसाच राहिला. मग तिने तो टेपच्या गुंडाळीकडे वळवला आणि पुढचे खोके ओढून घेतले.